उचल लिहायला रकाना कुठाय?

आदरणीय मॅडम,

मी मानसशास्त्रात पीएच.डी. करते. दुसरं वर्ष संपत आलंय. गाव राधानगरी तालुक्यातलं, सध्या कोल्हापुरात राजारामपुरीत दोघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबानं, शिकवते, त्यात भाडं आणि मेस कशीबशी भागते. विषय आहे 'ग्रामीण व शहरी कुमारवयीन विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान आणि शैक्षणिक संपादणूक : एक तुलनात्मक अभ्यास'. चारशेचा सॅम्पल ठरलाय, दोनशे चाळीस फॉर्म झालेत.

डिसेंबरात करवीर तालुक्यातल्या एका शाळेत आठवीच्या वर्गात फॉर्म वाटले. मुख्याध्यापकांनी 'सगळ्यांनी भरायचा हां' म्हणून सांगितलं आणि ते गेले. मागच्या बाकावर ऊसतोड टोळीतली एक मुलगी होती, बीडकडची. 'कुटुंबाचे मासिक उत्पन्न' इथं ती अडली. म्हणाली, 'आमी उचल घेतलीय, ती फेडायलोत. महिन्याचं काय लिहू?' मी म्हटलं, अंदाजे लिही. तिनं शून्य लिहिलं. फॉर्म परत देताना विचारलं, 'ताई, हे भरून तुमाला काय भेटतं? आन् आमाला?' मला उत्तर सुचलं नाही. चॉकलेट दिलं आणि निघाले.

तेव्हापासून दीड महिना एकही फॉर्म भरून घेतलेला नाही. माझा मोठा भाऊ दहावीनंतर शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत लागला, म्हणून मी शिकू शकले. तो माझ्यापेक्षा कमी हुशार होता असंही नाही. आता त्याच्यासारख्या पोरांचे आकडे गोळा करून मी डॉक्टर होणार, याची लाज वाटते. गाईड सरांना बोलले, तर म्हणाले, 'भावनिक होऊ नकोस, डेटा पुरा कर.' आई म्हणते, स्थळं बघू का. मैत्रिणी म्हणतात, एमपीएससी कर. सगळं सोडून एखाद्या संस्थेत मुलांसाठी प्रत्यक्ष काम करावं का? मला एकेरीच लिहा.

— न भरलेल्या फॉर्मांची मालकीण

मालकीणबाई,

आधी उत्तर सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. पीएच.डी. सोडू नकोस. पण सर म्हणतात तसे उरलेले एकशे साठ फॉर्म पंधरा दिवसांत उरकूनही टाकू नकोस.

चॉकलेटचं वाचून हसले. मीही पोत्यानं वाटलीत. आपल्याकडच्या शाळेतल्या संशोधनाचा तो ठरलेला मोबदलाच आहे, संशोधन पद्धतीच्या पुस्तकात तेवढा छापलेला नाही.

तुझ्या पत्रात त्या मुलीचा प्रश्न, दादाचं ओझं आणि आईची स्थळं यांचा एकच गुंता झालाय. स्थळांबद्दल मी काही बोलणार नाही. ते तू आणि आई भाकरी थापता थापता बोला. मुलीच्या प्रश्नाबद्दल मात्र भरपूर बोलणार आहे. तुला तो पापपुण्याचा प्रश्न वाटतोय. मला तो निम्मा तरी मोजमापाचा वाटतो, आणि मोजमाप चुकलं तर ते दुरुस्त करता येतं.

त्या शून्यापाशी जरा थांब. टोळीचा मुकादम पावसाळ्यातच गावात येतो आणि नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देऊन जातो. ती रक्कम कुणाच्या लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात आधीच गेलेली असते. मग दिवाळीच्या आगेमागे इकडं येऊन पाच-सहा महिने टनावर तोडणी करायची आणि ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. अशा घराचं 'मासिक उत्पन्न' काय लिहायचं? पोरीनं शून्य लिहून तुझ्यावर उपकारच केले. खरा आकडा उणे होता आणि उणे लिहायला तू जागा ठेवली नव्हतीस. ते शून्य तू एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकणार, तिथं ते 'सर्वांत कमी उत्पन्न गट' होणार. घरात पैसा आगाऊ आला म्हणून पोरीची शाळा वर्षाच्या मध्यात तुटली, हे मात्र कुठल्याच कॉलममध्ये येणार नाही.

सामाजिक-आर्थिक स्तराचा तो भाग तू कुप्पुस्वामींच्या श्रेणीवरून घेतला असशील, आपल्याकडं बहुतेक जण तिथूनच घेतात. १९७६ ची ती श्रेणी शहरी कुटुंबांसाठी बेतलेली आहे. कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि उत्पन्न यांच्या गुणांची बेरीज करायची. महिन्याच्या महिन्याला पगार येतो त्या घराला ती बसते. कोयत्याला कशी बसेल?

'ग्रामीण' या शब्दाचाही असाच घोळ आहे. कागलकडं बारमाही पाण्याचा ऊस आणि दारात स्वतःचा ट्रॅक्टर असलेल्या घरातला मुलगा ग्रामीण. गगनबावड्याकडच्या धनगरवाड्यावरची, ओढ्याला पाणी आलं की शाळेला मुकणारी मुलगी पण ग्रामीण. २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांत ज्याचं घर पाण्यात गेलं, तो शिरोळचा मुलगा ग्रामीण. आणि बीडहून येऊन फडाच्या कडेला खोपटात राहणारी तुझी ती मुलगीही ग्रामीणच. उलट इचलकरंजीत भिंतीपलीकडं रात्रपाळीचे माग खडखडत असताना झोपणारा मुलगा शहरी, आणि ताराबाई पार्कात घरी येऊन शिकवणारे सर ज्याला आहेत तोही शहरी. या दोन गठ्ठ्यांच्या सरासऱ्या काढून टी-टेस्ट, म्हणजे त्यांच्यातला फरक योगायोगाचा आहे का ते बघणारी चाचणी, लावलीस, तर फरक सार्थ आला काय आणि न आला काय, नेमकं कुणाबद्दल काय कळणार? विषय मंजूर करून घेताना असली शीर्षकं सोयीची पडतात हे मला माहीत आहे. माझ्या एम.ए.च्या प्रबंधिकेचंही शीर्षक याच साच्यातलं होतं, तेव्हा मी काही वरच्या पायरीवर उभी राहून बोलत नाही.

आता आत्मसन्मान. तू रोझेनबर्गची मापनी वापरली असशील असं धरून चालते. १९६५ ची, दहा विधानांची, त्यातली पाच उलटी. 'अभिमान वाटावा असे माझ्याजवळ फारसे काही नाही' यासारख्या वाक्यापुढं 'असहमत'वर खूण करायची म्हणजे आठवीतल्या पोराला दोन नकार सोडवून तिसऱ्या अर्थावर पोचायचं असतं. ते पोर काय करतं? शेजारच्याच्या कागदात बघतं. याचा दोष त्या पोरावर नको टाकू. ५३ देशांतल्या लोकांवर ही मापनी तपासणारा अभ्यास २००५ मध्ये छापून आला, त्यातही उलटी विधानं सगळीकडं सारख्या अर्थानं घेतली जात नाहीत असंच दिसलं होतं.

त्यात वाचनाची अडचण. 'असर' या शिक्षणाच्या स्थितीवरच्या अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना वाचायला दिलं, तेव्हा सुमारे चौथाई मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर अडखळल्याशिवाय वाचता आला नाही. ती पाहणी आपल्या जिल्ह्यातली नव्हती, पण तुझ्या वर्गातही अशी मुलं असणारच. त्यांनी तुझा फॉर्म कसा भरला असेल? ज्या मुलांमुळं शैक्षणिक विषमता हा विषय आहे, तीच मुलं छापील फॉर्ममधून गुपचूप गळतात आणि त्यांच्या खुणा मात्र आपण मोजत बसतो.

माझीच एक गोष्ट सांगते. शाळेत समुपदेशक म्हणून नवीन लागले होते तेव्हाची. नववीतला एक मुलगा वर्गात डुलक्या घ्यायचा. मी त्याला बोलावलं, चाचणी दिली, आणि नोंदवहीत लिहिलं, 'प्रेरणेचा अभाव, अवधान कमी, आत्मविश्वास खालावलेला.' अक्षर सुंदर होतं माझं. वार्षिक परीक्षा जवळ आल्यावर एकदा त्याच्या गावावरून पहाटेच्या एसटीनं येत होते, तर हा पोरगा दुधाच्या किटल्या लावलेली सायकल चढावर ढकलत डेअरीकडं चाललेला. बाप अंथरुणाला खिळलेला होता. पहाटे उठून दोन म्हशींची धार काढायची, दूध घालून यायचं, मग शाळा. माझ्या चाचणीत एकही प्रश्न 'तू किती वाजता उठतोस?' असा नव्हता. त्या नोंदवहीचं पान मी फाडलं नाही, अजून आहे माझ्याकडं.

म्हणून तुझ्या विषयातला, कशामुळं काय होतं हे दाखवणारा बाण मला खटकतो. तुझं गृहीतक असणार की आत्मसन्मान जास्त तर मार्क जास्त. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या विषयावरचं तोवरचं संशोधन चाळून काढलं. आत्मसन्मान वाढवला म्हणून मार्क वाढतात, याला त्यांना फारसा आधार सापडला नाही. जो काही थोडा संबंध दिसतो, तो काही अंशी तरी उलट्या बाजूनं येतो : मार्क चांगले पडले की माणसाला स्वतःबद्दल बरं वाटतं. म्हणजे तुझा शेवटचा अध्याय 'ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी आत्मविश्वासवर्धन कार्यशाळा घ्याव्यात' या शिफारशीवर संपणार असेल, तर आत्ताच खोडून टाक. खोपटात भावंडं सांभाळत बसलेल्या पोरीला सकारात्मक विचारांची कार्यशाळा घेऊन काय करायचंय?

आपल्या गावात शाहू महाराजांचं नाव भाषणाच्या सुरुवातीला घ्यायचं आणि पुढं विसरायचं अशी रीत पडलीय, म्हणून मी सहसा ते घेणं टाळते. पण इथं घेते, कारण विषमतेचं निदान कसं करायचं याचा धडा दसरा चौकात दगडामातीत उभा आहे. खेड्यातली पोरं शिकायला कोल्हापुरात येत नव्हती. त्या काळातले शहाणे म्हणत, या जातींना शिक्षणाची आवडच नाही. आजच्या भाषेत, प्रेरणेचा अभाव. महाराजांनी पाहिलं की पोरांना इथं राहायला जागा नाही आणि जेवायला घर नाही. १९०१ साली मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग निघालं, पुढं मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ मध्ये तेव्हा अस्पृश्य ठरवलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मग 'आवड नसलेली' पोरं आली, शिकली. त्यातलाच एक जैन बोर्डिंगात राहिलेला कुंभोजचा मुलगा पुढं कर्मवीर भाऊराव पाटील झाला. १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. तुला या सगळ्यात पोराच्या मनाला लावलेली फूटपट्टी दिसते का कुठं?

मन मोजू नये असं मी म्हणत नाही. मन मोजणं हाच आपला धंदा आहे. फक्त त्याच्या शेजारी बाकीचंही मोज.

आणि या मुलांना काय येत नाही एवढंच मोजून थांबू नकोस. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर शहाळी, फळं विकणाऱ्या मुलांचा एक छोटासा, जुना अभ्यास आहे, १९८५ चा. गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारला तर जवळजवळ ९८ टक्के उत्तरं बरोबर. तेच आकडे कागदावर गणित म्हणून मांडले तर सुमारे ३७ टक्के. मुलं होती पाचच, म्हणून लोक नाकं मुरडायचे. पण २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि इतरांचा कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा मोठा अभ्यास 'नेचर'मध्ये आला. तिथंही तोच प्रकार : बाजारात झरझर हिशेब, शाळेच्या पद्धतीनं मांडलं की गाडी अडली. शिवाय शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातलं गणित जमेना! आता तुझ्या त्या मुलीकडं ये. टोळीतली पोरं संध्याकाळी उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्याच्या, पेंढ्या विकतात, म्हशीवाले घासाघीस करतात, सुटे पैसे परत द्यायचे असतात. ती मुलगी हे करते का, मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. तुझ्याकडं तिच्या दहा खुणा आणि एक शून्य आहे.

बरं, करायचं काय?

शीर्षक बदलायला जाऊ नकोस, त्यात वर्ष जाईल. आहे त्याच शीर्षकाखाली फॉर्मला एक पान जोड. यंदा किती दिवस शाळा बुडाली आणि कशामुळं. आजवर किती शाळा बदलल्या. सकाळी किती वाजता उठतोस, शाळेआधी काय काम करतोस. लहान भावंडं कोण सांभाळतं. घरी अभ्यासाला बसायची जागा आणि उजेड आहे का. अडलं तर कुणाला विचारतोस. उत्पन्नाच्या ठिकाणी 'रोज, महिना, हंगाम, उचल' असे पर्याय दे, आकडा मागूच नको. झालेल्या दोनशे चाळिसांतलं ते शून्य आधी खोड आणि तिथं 'माहिती उपलब्ध नाही' कर. नव्या एकशे साठांवर हे पान लागलं की मार्कांमधला फरक या गोष्टींनी किती समजतो आणि त्यानंतर आत्मसन्मानाच्या वाट्याला किती उरतो, हे तुला बघता येईल. मला वाटतं थोडंच उरेल, पण मी चुकू शकते. तो आकडा मला बघायचाय. वीसेक मुलांशी स्वतंत्र बोलणंही कर, रेकॉर्डर बाजूला ठेवून.

मापनीचं मराठी एकदा मुलांकडून तपासून घे. तीन-चार पोरांना बसव, एकेक वाक्य मोठ्यानं वाचून दाखव, आणि 'तुला यातनं काय कळलं' एवढंच विचार. दुपारभरात तुझी निम्मी वाक्यं सुधारतील. वर्गातही फॉर्म वाचून दाखवून भरून घे, सगळ्यांसाठीच, म्हणजे वाचता न येणारं पोर उघडं पडत नाही.

आणि जात, प्रवर्ग, पालकांचा व्यवसाय हे पहिल्या पानावरून उचलून शेवटी टाक. करला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली होती. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांत सांगण्यासारखा फरक नव्हता. सोडवायच्या आधी सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारली, तर दलित मुलांची कामगिरी घसरली. तुझा फॉर्म जात पुकारत नाही, पण पहिल्याच ओळीत विचारतो. आपल्या वर्गांत 'स्कॉलरशिपवाले उभे राहा' म्हणून यादी वाचली जाते, तिथं काय होत असेल याचा विचार मी नोकरीत असताना केला नाही, हेही सांगून ठेवते.

सरांकडं जाताना 'मला वाईट वाटतंय' हे वाक्य घरी ठेवून जा. 'सर, उत्पन्नाच्या रकान्याची वैधता जातेय, बाह्य परीक्षकानं विचारलं तर उत्तर नाही' असं म्हण. गाईड लोकांना वाईट वाटण्याची भीती नसते, बाह्य परीक्षकाची असते. दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढं प्रगती मांडतेस ना, त्यात हे जोडपान पद्धतीतली सुधारणा म्हणून मांड. आणि सरांवर फार रागावू नकोस, त्यांच्याही डोक्यावर वेळेत प्रबंध जमा करून घ्यायचा घोर असतो. जाता जाता : पैसे भरून पेपर छापणाऱ्यांच्या नादी लागली असशील तर थांब. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमावलीत प्रबंध देण्याआधी पेपर छापण्याची सक्ती उरलेली नाही. आपल्या विद्यापीठाचा नियम तेवढा विभागात विचारून घे.

आता पोरीच्या प्रश्नाचं उत्तर. ते खरंच सोपं आहे : 'मला यातून पदवी मिळेल. तुला आत्ता काही मिळणार नाही. नको वाटलं तर भरू नकोस, मी रागावणार नाही आणि गुरुजीही रागावणार नाहीत.' हे वाक्य फॉर्म वाटण्याआधी म्हणायचं असतं. मुख्याध्यापकांचं 'सगळ्यांनी भरायचा हां' ही संमती नव्हे. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं बारा वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची लेखी संमती आणि वर पालकांची संमती मागतात. पालक फडात असतील तर संध्याकाळी खोपटावर जायचं, वाचून दाखवायचं आणि अंगठा घ्यायचा. वेळ जातो, तो जाऊ दे. त्या वर्गात तुला नीट विचारणारी ती एकटीच निघाली, बाकीच्यांनी मुकाट्यानं भरलं. मला तर त्या बाकीच्यांची काळजी वाटते.

एक धोक्याची सूचनाही ऐक, कारण आता तू मुलांशी बोलायला बसणार आहेस. 'तू सांगशील ते कुणालाच कळणार नाही' असं वचन कधी देऊ नकोस. एखाद्या मुलीनं लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. बालविवाह ठरल्याचं कानावर आलं तरी गप्प बसता येणार नाही. 'तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल' हे आधीच म्हणून ठेवायचं. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर पाठ असू दे, आणि अशा वेळी कुणाला फोन करायचा हे सरांशी बोलून लिहून ठेव. बोलण्यातून रडू फुटलं तर प्रश्नावली बाजूला ठेवायची. पुरी झालीच पाहिजे असं काही नसतं.

देण्याबद्दल म्हणशील तर थोडंच दे पण खरं दे. स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळायला हवं, म्हणजे परत गेल्यावर गावच्या शाळेत त्यांना पुढं बसवून घेतात. तिच्याकडं ते आहे का, एवढं वर्गशिक्षकांना विचार. नसेल तर मागं लाग. आणि निष्कर्ष निघाले की त्या शाळेला सोप्या मराठीत एक पान नेऊन दे. शाळेत येऊन फॉर्म भरून नेणारे माझ्या नोकरीत पुष्कळ आले, काय सापडलं ते सांगायला परत आलेला मात्र मला एकही आठवत नाही.

दादाबद्दल लिहायला घेतलं आणि दोनदा खोडलं. तुझं ओझं मला कळतं, पण ते प्रबंधानं उतरणार नाही. चारशे काय, चार हजार पोरांची विषमता मोजलीस तरी दादाची अकरावी परत येणार नाही. आणि तो स्वतःला तुझ्या यज्ञातला बळी समजतो की भट्टीवरचा हुशार कारागीर समजतो, हे तू त्याला कधी विचारलंयस? पत्रात तो तुझ्यासाठी काय सोडून गेला ते आहे, आज तो कसा आहे ते कुठंच नाही. त्याला सॅम्पलमध्ये घेऊ नकोस, त्याची मुलाखतही घेऊ नकोस. त्याच्या सुट्टीच्या दिवशी चहा घेऊन बस आणि फॉर्म त्याच्यापुढं टाक. म्हण, दादा, हे दहावीतल्या पोराला कळेल का बघ, आणि यात काय विचारायचं राहिलंय सांग. दहावीला शाळा का सुटते हे त्याच्याइतकं नेमकं तुझ्या संदर्भग्रंथांत कुणाला माहीत असणार? तो चिडला तर चिडू दे. कदाचित हसेल.

संस्थेत जायचं म्हणतेस, तर जा की, सुट्टीत दोन महिने काम करून बघ. पण तिथंही आठवड्याच्या आत तुझ्या हातात फॉर्म देतील, 'लाभार्थी' असा रकाना असलेला. तो कुणी बनवला असेल आणि त्यानं कधी फडात पाय ठेवला असेल का, हा प्रश्न तुला तिथंही छळणार. इथं निदान फॉर्म तुझ्या हातातला आहे. एमपीएससी करायची असेल तर अधिकारी व्हायचंय म्हणून कर, या पोरीच्या नजरेपासून पळायला नको.

हे सगळं तू प्रबंधाच्या तिसऱ्या वर्षात सावकाश करशील असं मनात आणत असशील, तर कॅलेंडर बघ. फेब्रुवारी लागतोय. यंदा ऊस कुठं किती उरलाय ते तुझ्या गावात कुणीही सांगेल. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की टोळ्या दोन दिवसांत खोपटं मोडून ट्रॅक्टरला बांधतात आणि जातात, आणि शाळेच्या हजेरीत त्या नावापुढं रेघ पडते. या आठवड्यात तुझे तास कुठल्या दिवशी नाहीत? त्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला जा. फॉर्म नेऊ नकोस, चॉकलेटही नको.